तीन सेन्सर एकाच वेळी खराब होत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. खडी क्रशरवर २० टनी पोकलेन आहे, बहुतेक वेळ ब्रेकर (दगड फोडणारा हातोडा) लावलेला. चालता चालता इंजिनाची ताकद एकदम उतरते आणि डिस्प्लेवर कोड येतात: एसपीएन १०० एफएमआय ४, एसपीएन १०२ एफएमआय ४ आणि अधूनमधून एसपीएन ३५०९ एफएमआय ४. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की मशीन ठणठणीत, कधी तासभर तर कधी दिवसभर. ऑइल प्रेशरचा सेन्सर दोनदा बदलून झाला, आधी बाजारातला, मग कंपनीचा. फरक काहीच नाही. आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय असं कोणीतरी सांगितलंय, आणि तो मागवावा का असं तुम्ही विचारताय.

आत्ता मागवू नका. ईसीएम खराब असूच शकत नाही असं माझं म्हणणं नाही, पण त्याच्यावर बोट ठेवण्याआधी जे तपासायला हवं त्यातलं काहीच अजून तपासलेलं दिसत नाही. आतापर्यंत शोध चाललाय तो खराब सेन्सरचा. शोधायला हवी ती या तीन कोडमधली सामाईक गोष्ट.

कोड कसा वाचायचा तिथून सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे: १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचं बूस्ट प्रेशर, आणि ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा पहिला सप्लाय. एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज हवं त्यापेक्षा वर, ४ असेल तर खाली. ५ आणि ६ हे करंटबद्दल बोलतात, म्हणजे सर्किट तुटलेलं किंवा अर्थ झालेलं, म्हणजे बॉडीला टेकलेलं. ते बहुतेक सोलेनॉइड आणि रिलेवर दिसतात. २ म्हणजे आकडा उड्या मारतोय. या सगळ्या तक्रारी विजेच्या आहेत. याउलट ०, १, १५, १६, १७, १८ हे सांगतात की सर्किट ठीक आहे आणि मोजलेला आकडाच धोक्याचा आहे. काही कंपन्या डिस्प्लेवर स्वतःचे वेगळे कोड दाखवतात, तेव्हा त्यांच्या पुस्तकातून अर्थ लावावा लागतो. पण तक्रार व्होल्टेजची की मोजलेल्या आकड्याची, हा भेद सगळीकडे असतोच.

हा भेद इथेच पक्का लक्षात ठेवा, कारण ऑइल प्रेशरच्या बाबतीत त्यावर इंजिनाचा जीव अवलंबून असतो. एसपीएन १०० बरोबर एफएमआय १ किंवा १८ आला तर तो सेन्सरचा दोष समजून मशीन चालवत राहू नये. इंजिन लगेच बंद करायचं, ऑइलची पातळी बघायची आणि काट्याचा मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजायचं. सेन्सर खरं बोलत होता आणि माणसांनी तो खोटा ठरवला, म्हणून बेअरिंगं बसलेली इंजिनं मी पाहिली आहेत. तुमच्याकडे एफएमआय ४ आहे, म्हणजे तक्रार व्होल्टेजची आहे. तरीसुद्धा एकदा गेज लावून इंजिन गरम असताना आयडलिंगला आणि पूर्ण आरपीएमला प्रेशर मोजून घ्या. पुढची तपासणी कधीकधी इंजिन चालू ठेवून करावी लागणार आहे, तेव्हा मनात शंका नको.

आता मुख्य मुद्दा. एफएमआय ४ आला म्हणजे ईसीएमने आपल्या पिनवर पाहिलेलं व्होल्टेज फार खाली होतं, एवढंच कळतं. सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर, सप्लाय, यातलं काय बिघडलं ते त्याला दिसत नाही. ऑइल प्रेशर आणि बूस्ट प्रेशर हे दोन्ही सेन्सर बहुतेक इंजिनांवर तीन वायरचे असतात: एक ५ व्होल्टचा सप्लाय, एक सेन्सरची अर्थ (निगेटिव्हची वायर) आणि एक सिग्नल. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान खेळतो. मुद्दाम दोन्ही टोकांना जागा सोडलेली असते, म्हणजे ०.५ च्या बरंच खाली किंवा ४.५ च्या बरंच वर गेलं की हे प्रेशर नसून बिघाड आहे हे ईसीएमला ओळखता येतं. आता ५ व्होल्टचा सप्लायच कोसळला तर सेन्सर कितीही नवा असो, तो सिग्नल कुठून देणार? सिग्नल शून्याकडे जातो आणि ईसीएम एफएमआय ४ टाकतो. त्या सप्लायवर जितके सेन्सर, तितके कोड.

म्हणून तुमच्या तीन कोडपैकी सगळ्यात कमी वेळा येणारा, एसपीएन ३५०९ चा कोड मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो सरळ सांगतोय की सप्लाय खाली आला होता. बाकीचे दोन त्याचे परिणाम असावेत. डिस्प्लेवर पहिला दिसतो म्हणून सगळे ऑइल प्रेशर सेन्सरच्या मागे लागले.

यादीत काय नाही तेही बघा. रेल प्रेशरचा कोड, एसपीएन १५७, तुम्ही लिहिलेला नाही, आणि इंजिन बंद पडत नाही, फक्त ताकद उतरते. तुमचं इंजिन कॉमन रेल असेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जात असेल, तर रेल प्रेशरचा सेन्सर बहुधा दुसऱ्या सप्लायवर आहे, आणि तो सप्लाय शाबूत आहे. कूलंटचं तापमान, हवेचं तापमान यांचेही कोड नाहीत, आणि ते अपेक्षितच आहे. हे सेन्सर दोन वायरचे असतात, त्यांना वेगळी सप्लायची वायर लागत नाही; ईसीएम आतूनच सिग्नलच्या वायरवर ५ व्होल्ट देतो. हायड्रॉलिक पंपाचे प्रेशर सेन्सर सहसा दुसऱ्या कंट्रोलरवर असतात, त्यामुळे तेही गप्प आहेत. म्हणजे शोधाची जागा आताच बरीच लहान झाली: इंजिन हार्नेसमधली, म्हणजे इंजिनावरच्या वायरांच्या जुडीतली, सप्लाय क्रमांक एकची वायर आणि तिच्यावर टांगलेले सेन्सर. ते नेमके किती आणि कोणते, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यासाठी तुमच्या मशीनच्या सिरियल नंबरचा सर्किट डायग्राम हातात हवाच. त्याच मॉडेलचा, पण आधीच्या सिरीजचा डायग्राम घेऊन काम केलं की पिन नंबर जुळत नाहीत आणि डोकं फिरायची वेळ येते.

५ व्होल्टचा सप्लाय खाली ओढला जाण्याची कारणं मोजकीच आहेत. सप्लायची वायर कुठेतरी घासून बॉडीला किंवा अर्थच्या वायरला लागते. त्या सप्लायवरचा एखादा सेन्सर आतून शॉर्ट होतो, आणि तो बदललेल्या सेन्सरपैकीच असेल असं अजिबात नाही. कपलरमध्ये पाणी किंवा गंज साठून दोन पिनांमध्ये वाट तयार होते. किंवा ईसीएमला मिळणारा २४ व्होल्टचा सप्लाय अथवा त्याची अर्थच इतकी कमजोर आहे की आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर डळमळतो. शेवटची शक्यता ईसीएमची. बहुतेक ईसीएममध्ये ५ व्होल्टच्या आउटपुटला शॉर्टपासून संरक्षण असतं; शॉर्ट सुटला की, किंवा किल्ली बंद-चालू केली की, तो पुन्हा उभा राहतो. किल्ली फिरवल्यावर मशीन ठीक होतं यावरून ईसीएम जळालाय असं ठरत नाही. उलट तो स्वतःला वाचवतोय अशीच शक्यता जास्त.

ब्रेकरचं काम, थरथर, आणि कधी येणारा कधी न येणारा दोष, हे एकत्र आलं की माझा पहिला संशय घासलेल्या वायरवर जातो. पण मी मशीन पाहिलेलं नाही, म्हणून क्रमाने तपासू.

सुरुवात ऑपरेटरपासून करा. ताकद उतरली की तो सवयीने किल्ली बंद करतो आणि पुरावा पुसला जातो. त्याला सांगून ठेवा: दोष आला की बकेट किंवा ब्रेकर जमिनीवर टेकवायचा, लिव्हर लॉक करायचा, इंजिन आयडलिंगला आणायचं आणि किल्ली न फिरवता मेकॅनिकला हाक मारायची. मग बूस्ट सेन्सरच्या कपलरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवून सप्लाय आणि सेन्सरची अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. साधारण ४.७५ ते ५.२५ च्या आत असेल तर ठीक. एक-दोन व्होल्ट किंवा शून्य दिसलं तर दोष तुमच्या हातात आला, आता तो सोडायचा नाही. डायग्रामप्रमाणे त्या सप्लायवरचे सेन्सर एकेक करून काढत जा, नजर मीटरवर ठेवा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज पुन्हा ५ वर येतं, तो सेन्सर दोषी. काही ईसीएमना त्यासाठी एकदा किल्ली फिरवावी लागते, म्हणून प्रत्येक कपलर काढल्यावर तसंही पडताळून बघा. फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. सेन्सर अडचणीच्या जागी असेल तर इंजिन बंद करून, किल्ली ऑनवर ठेवूनच हे करा. सगळे काढूनही व्होल्टेज खालीच राहिलं तर वायर किंवा ईसीएम. आणि ब्रेकर थांबताच काही न करता व्होल्टेज परत आलं, तर हलण्यामुळे काहीतरी कुठेतरी टेकतंय, म्हणजे पुन्हा वायर.

दोष वाट बघायला लावत असेल तर इंजिन बंद, किल्ली ऑन, मीटर मिनिमम-मॅक्सिमम नोंदवण्यावर ठेवा आणि हार्नेस हलवत जा. घाई नको. ईसीएमपासून सुरू करून एकेक वीत पुढे सरका, वाका, पिळा, क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना दाबा. साध्या मीटरला फार क्षणिक झटका पकडता येत नाही, म्हणून वायर दाबल्यावर क्षणभर तशीच धरून ठेवा. कपलरही हलवा, विशेषतः ऑइल प्रेशर सेन्सरचा, कारण तो अलीकडे दोनदा उघडलाय. त्याचं लॉक तुटलंय का, सील जागेवर आहे का, पिन मागे सरकलीय का, हे उजेड पाडून बघा. फिमेल पिनमध्ये त्याच मापाची नवी मेल पिन घालून ओढा. ती जरा अडकत बाहेर यायला हवी. सुळकन निघाली तर ती पिन बदलायची.

वायर बघायची म्हणजे कशी, ते जरा जवळून सांगतो. खाणीवरच्या मशीनवर हार्नेसची काळी रिंगवाली स्लीव्ह वरून धडधाकट दिसते. तिची चीर खालच्या बाजूला असते. तिथून खडीची भुकटी आत जाते, ऑइलच्या ओलाव्यात चिकटते आणि थरथरीत वायरच्या प्लास्टिकवर पॉलिश पेपरसारखी फिरत राहते. एका मशीनवर असाच सप्लायचा दोष होता. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे हार्नेस धरणारा क्लॅम्प तुटलेला होता आणि कोणीतरी त्या जागी केबल टाय लावलेला. टाय कापून, स्लीव्ह पूर्ण उघडून हार्नेस उलटा केला तेव्हा ब्रॅकेटच्या कडेला टेकणाऱ्या जागी जेमतेम दोन मिलिमीटर तांबं उघडं दिसलं, चकचकीत. गंजलेलं असतं तर जुनी जखम म्हटलं असतं. चकचकीत होतं म्हणजे रोज घासत होतं. ब्रॅकेटच्या कडेवरही नेमका तेवढाच रंग उडालेला होता. अशी खूण बघायची. वायर सापडत नसेल तर लोखंड बघा, रंग कुठे घासलाय ते बघा, तिथे हार्नेस टेकत असतो.

म्हणून स्लीव्हवरून हात फिरवून समाधान मानू नका, ती उघडा. ऑइल फिल्टरच्या आसपास, टर्बोजवळ जिथे उष्णतेने वायर कडक होते तिथे, इंजिनवरून चासीवर हार्नेस जिथे उडी मारतो तिथे आणि प्रत्येक क्लॅम्पच्या खाली विशेष बघा. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, चासी वेगळी हलते. त्या उडीला ढील कमी असेल तर वायर ताणली जाते. पावसाळ्यात मशीन काही दिवस उभं होतं का, हेही आठवा. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायर कुरतडतात.

दोन प्रश्न आणखी विचारा, साइटवर कोणी सहज सांगत नाही म्हणून. दोष सुरू होण्याच्या आधी मशीनवर वेल्डिंग झालं होतं का? आणि प्रेशर वॉशरने इंजिन धुतलं होतं का? खाणीवर बकेटचे अडॅप्टर, साइड कटर यांचं वेल्डिंग सारखं चालूच असतं. बॅटरीचे टर्मिनल न काढता, ईसीएमचे कपलर न सोडता आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून लांब लावून काम केलं तर करंट बेअरिंगं, पिना आणि इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो. तेव्हा मात्र सेन्सर किंवा ईसीएम खरोखर मरू शकतो, आणि माझा संशयाचा क्रम बदलेल.

वायरचा शॉर्ट मोजून सिद्ध करायचा असेल तर किल्ली बंद, बॅटरी सोडलेली, ईसीएमचा कपलर आणि त्या सप्लायवरचे सगळे सेन्सर काढलेले, अशा अवस्थेत सप्लायच्या वायरपासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. काहीही दिसता कामा नये, म्हणजे मीटरने सर्किट तुटलेलं दाखवायला हवं. मग हार्नेस हलवत तीच मोजणी करा. सप्लाय ते सेन्सरची अर्थ, सप्लाय ते सिग्नल, हेही मोजा, कारण दोन वायर एकमेकींतही लागलेल्या असू शकतात. ईसीएम जोडलेला असताना इथे मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारा मीटर) कधीही लावू नका. आणि तीन वायरच्या प्रेशर सेन्सरचे ओहम मोजून तो चांगला की वाईट हे ठरवू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्या आकड्यावरून काही कळत नाही.

वायर तुटल्याचा संशय असेल तर मात्र नुसत्या ओहमवर विसंबू नका. सात तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर झकास आकडा दाखवतो, कारण मीटर करंट फारच थोडा सोडतो. वायरची दोन्ही टोकं मोकळी करून तिच्यातून २४ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब पेटवा. वायर निरोगी असेल तर बल्ब पूर्ण उजेड देतो, आजारी असेल तर मिणमिणतो. टोकं दोन्हीकडून मोकळी हवीत हे विसरू नका; ईसीएमच्या ५ व्होल्टच्या पिनवर २४ व्होल्ट गेले तर नवं दुखणं तुम्हीच आणाल.

अर्थ तपासणं लोक फार टाळतात. किल्ली ऑन असताना सेन्सरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. जास्त असेल तर ईसीएमच्या अर्थकडे जा. सेन्सरची अर्थच सुटली तर सिग्नल सहसा वर चढतो आणि एफएमआय ३ येतो. त्यामुळे एफएमआय ३ दिसला की मी सेन्सरच्या आधी अर्थ बघतो. ईसीएमचा स्वतःचा सप्लाय इंजिन क्रँक करताना आणि पूर्ण लोडवर मोजा. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट असतात. ईसीएमच्या कपलरवर त्याच वेळी बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त घट दिसली तर फ्यूज होल्डर, रिले आणि अर्थचे बोल्ट उघडून साफ करा.

हीच पद्धत दुसऱ्या सेन्सरना लावताना थोडा बदल करावा लागतो. दोन वायरच्या तापमान सेन्सरवर सगळ्यात सोपी युक्ती अशी: कपलर काढा, डिस्प्लेवर तापमान एकदम उणे दाखवायला हवं आणि कोड एफएमआय ३ चा यायला हवा. मग हार्नेसकडच्या दोन पिना एका वायरने जोडा, तापमान वरच्या टोकाला जायला हवं आणि एफएमआय ४ यायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम निर्दोष, सेन्सर किंवा त्याची पिन बघा. यातलं एक जरी झालं नाही तर नवा सेन्सर घेऊ नका. ही जोडायची युक्ती तीन वायरच्या सेन्सरवर तशीच वापरू नका. तिथे सप्लाय आणि अर्थ एकत्र केलीत तर आपणच शॉर्ट करतो. तिथे फक्त कपलर काढून कोड बदलतो का ते बघावं. एफएमआय ४ जाऊन ३ आला तर दोष बहुधा सेन्सरच्या बाजूला. काही कंपन्यांच्या सर्किटमध्ये मोकळी वायर ४ दाखवते, म्हणून आधी त्याच मशीनवर एखाद्या चांगल्या सेन्सरचा कपलर काढून त्याचा स्वभाव कळून घ्या.

कोड नसतानाही सेन्सर चुकत असेल तर सकाळची वेळ साधा. रात्रभर उभ्या मशीनवर किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि कूलंट, हवा, डिझेल, हायड्रॉलिक ऑइल यांची तापमानं बघा. सगळी एकमेकांच्या जवळ असायला हवीत. एकच वेगळं असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय. प्रेशरचंही तसंच: इंजिन बंद असताना ऑइलचं प्रेशर शून्य दिसायला हवं. बूस्टचा सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब मोजतो, म्हणून तो तेव्हा वातावरणाचा दाब दाखवतो, समुद्रकिनारी १०० किलोपास्कलच्या आसपास आणि महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ८६ च्या घरात. बाजारातला सेन्सर लावलाय तिथे हे जरूर तपासा. आटे आणि कपलर जुळतात, पण आतली रेंज वेगळी असते. शून्यावर बरोबर आणि वर गेल्यावर चुकीचा आकडा, तोही कोड न टाकता. त्यासाठी पुन्हा काट्याचा गेजच लावावा लागतो.

हायड्रॉलिकच्या दोन पंपांना बहुधा एकसारखेच प्रेशर सेन्सर असतात. तिथे अदलाबदल करा: कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या पंपावर गेला तर सेन्सर खराब, जागेवर राहिला तर वायर. पण सेन्सर सोडण्याआधी अटॅचमेंट जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली ऑन ठेवून लिव्हर सगळीकडे हलवून दाब सोडा, टाकीचा ब्रीदर सोडा. कॉमन रेलवरचा सेन्सर चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

नव्या जेसीबीसारख्या चाकांवरच्या मशीनवर, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या, कधीकधी आणखी एक प्रकार भेटतो. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) व्होल्टेज देत नाही, तो कॅनच्या वायरवरून, म्हणजे कंट्रोलर एकमेकांना संदेश पाठवतात त्या दोन वायरवरून, बोलतो. त्याच्यावर एफएमआय ९ आला तर संदेश पोचत नाही असा अर्थ. तिथे आधी त्याचा सप्लाय आणि अर्थ बघा, मग बॅटरी सोडून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय.

परत तुमच्या मशीनकडे. ऑइल प्रेशर सेन्सरच्या कपलरमध्ये ऑइल दिसतंय का, ते नक्की बघा. सेन्सर आतून गळायला लागला की ऑइल तांब्याच्या तारांमधून वर चढत चढत ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. तसं असेल तर सेन्सरचे आकडे बरोबर असले तरी तो बदला, आणि दुसऱ्या टोकाचा कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा.

ईसीएमला दोषी कधी ठरवायचं? त्याचा २४ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ लोडवर चांगल्या निघाल्या, ५ व्होल्टची पिन हार्नेसच्या कपलरमधून बाहेर काढून वेगळी केली, आणि तरीही ईसीएमच्या त्या पिनवर ५ व्होल्ट येत नाहीत किंवा डळमळतात, तेव्हा. याच्या आधी नाही. आणि बदलायचाच झाला तरी शॉर्टचं कारण सापडल्याशिवाय नवा जोडू नका, नाहीतर तोही त्याच वायरच्या तोंडी जाईल.

वायर सापडली तर दुरुस्ती नीट करा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळली तर ब्रेकरवर ती टिकत नाही. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर, क्रिंप जॉइंट आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा. शेजारशेजारच्या दोन-तीन वायर जोडायच्या असतील तर जोड एकाच जागी येऊ देऊ नका. तुटलेला क्लॅम्प रबरसकट नवा बसवा. तपासताना वायरच्या प्लास्टिकमध्ये सुई टोचणं टाळा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, त्या भोकातून पाणी शिरून काही महिन्यांनी तांबं हिरवं पडतं आणि तोच दोष नव्या जागी उभा राहतो.

उद्या तुम्ही एवढं केलंत तरी पुरे: गेज लावून ऑइलचं खरं प्रेशर, दोष आलेला असताना बूस्ट सेन्सरच्या कपलरवरचं सप्लायचं व्होल्टेज, कोणता कपलर काढल्यावर ते बदललं, आणि अल्टरनेटर ते ऑइल फिल्टर या भागातला हार्नेस स्लीव्ह उघडून. हे आकडे, मशीनचं मॉडेल आणि सिरियल नंबरची सिरीज लिहून पाठवा. वेल्डिंग आणि धुण्याबद्दल ऑपरेटर काय म्हणतो तेही कळवा. सप्लायवर कोणकोणते सेन्सर आहेत ते डायग्रामवरून आपण मिळून बघू.